वाळूच्या पोत्यांनी पास केलेल्या गाड्या

नवीन रेल्वेगाडी कारखान्यातून बाहेर पडली की तिच्यात पहिले माणसं बसत नाहीत, वाळूची पोती बसतात. ही थट्टा नाही. भरल्या गाडीत माणसांचं जेवढं वजन होईल तेवढ्या वजनाची पोती डब्यात रचतात, यंत्रं लावतात आणि गाडी पळवून पाहतात. किती हलते, किती डुलते, वळणावर कशी वागते, अमुक वेगात इमर्जन्सी ब्रेक मारला तर किती मीटरवर थांबते, हे सगळं मोजतात. हे काम लखनौच्या आरडीएसओचं. त्यांनी कागद दिल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

जानेवारी 2025 मधला तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. कोटा विभागात वंदे भारत स्लीपरची चाचणी चालू आहे, वेग ताशी 180 आणि पाण्याने भरलेला ग्लास तसाच्या तसा उभा. रेल्वेमंत्र्यांनी स्वतः टाकला होता. आपल्या गांधीबागेतल्या निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो दिवसभर फिरला. मलाही आवडला. एखाद्या गोष्टीची चाचणी लोकांना दिसेल अशी झाली तर चांगलंच आहे.

पण राजेहो, त्या ग्लासाला कुठंच जायचं नव्हतं. वाळूच्या पोत्यालाही गोंदियाहून येऊन गांधीबागेत माल पाहायचा नसतो, उधारी चुकवायची नसते, संध्याकाळी घरी परतायचं नसतं. म्हणून पोतं गाडीला पास करतं. माणूस करेलच असं नाही.

आज हेच लिहायचं आहे. आपल्या नागपूरला गेल्या काही वर्षांत नव्या गाड्या भरपूर आल्या. बिलासपूर, इंदूर, सिकंदराबाद, पुणे, चार वंदे भारत झाल्या. शिवाय मेट्रो. कोणत्या शहराला एवढं मिळालं सांगा. प्रत्येक वेळी फुलांच्या माळा, बँड, हिरवी झेंडी, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्या गाड्यांचे ब्रेक तपासलेले आहेत, दरवाजे तपासलेले आहेत. तिचं वेळापत्रक मात्र कोणी तपासलं? ही गाडी कोणासाठी, कोणत्या कामासाठी आणि त्या माणसाला ती परवडते का, याची चाचणी कोणत्या खात्याकडे आहे?

पहिले बिलासपूरची घ्या, कारण तिचा आपल्या बाजाराशी थेट संबंध आहे.

11 डिसेंबर 2022. पंतप्रधान नागपुरात, समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा, मेट्रोचे राहिलेले मार्ग आणि नागपूर–बिलासपूर वंदे भारत, सगळं एकाच दिवशी. ही गाडी बिलासपूरहून पहाटे पावणेसातला निघते. रायपूर, दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया करत दुपारी सव्वाबाराला नागपूरला पोचते. आणि दोन वाजून पाच मिनिटांनी परत निघते. म्हणजे तिकडून येणाऱ्या माणसाला नागपुरात मिळाले एक तास पन्नास मिनिटं.

आता गांधीबाग माहीत असलेल्या माणसाने हिशोब करावा. स्टेशनातून बाहेर पडायला दहा-पंधरा मिनिटं. सेंट्रल ॲव्हेन्यूवरून ई-रिक्षा किंवा ऑटो, दुपारी सव्वाबाराला तिथे काय परिस्थिती असते ते मी सांगायला नको. दुकानात पोचला, चप्पल काढून गादीवर टेकला, पाणी झालं, चहा यायचाय. कपड्याचा ठोक व्यवहार उभ्याउभ्या होत नाही. थान उलगडावं लागतं, पन्हा पाहावा लागतो, हाताला कपडा लागावा लागतो, दोन दुकानं फिरून तिसऱ्यात भाव जमतो, मग मागची उधारी निघते, त्यावर थोडी खडाखडी होते, मग नवा माल बांधायला सांगतात, बिल्टी कोणत्या ट्रान्सपोर्टने करायची ते ठरतं. याला तासभर पुरतो? जेवण तर मी धरलंच नाही. तो माणूस दीडलाच घड्याळ पाहायला लागतो आणि आपण भाव सांगता सांगता त्याचा पाय दुकानाच्या बाहेर असतो.

राजनांदगावचा आमचा एक जुना गिऱ्हाईक आहे, त्याच्या वडिलांपासूनचा व्यवहार. तो एकदाच या गाडीने आला. म्हणाला, "भैया, एसी में बैठके आया, एसी में बैठके जाऊंगा, बीच में काम क्या करूंगा?" त्यानंतर तो आपल्या जुन्या एक्स्प्रेसनेच येतो, सकाळी लवकर पोचणाऱ्या, आणि रात्री निघतो. अंग दुखतं, पण काम होतं.

उलट्या बाजूने पाहा. नागपूरच्या माणसाला रायपूरला काम असेल तर तो दुपारी निघणार, संध्याकाळी पोचणार. कचेऱ्या बंद, बाजार आवरतोय. म्हणजे रात्रीचा लॉज आलाच. सकाळी काम करून संध्याकाळी परत, हे या गाडीने जमतच नाही. मग गाडी कोणासाठी? विमान पकडायला येणारा, दवाखान्यात कोणाला भेटायला येणारा, लग्नाला येणारा, असे लोक आहेत, त्यांना ती सोयीची आहे, ते मी नाकारत नाही. पण विदर्भ आणि छत्तीसगडचं जे जुनं नातं आहे ते बाजाराचं आहे. गोंदिया, बालाघाट, राजनांदगाव, दुर्ग इथला दुकानदार पिढ्यान्पिढ्या इतवारी–गांधीबागेत माल भरत आला. आता त्याच्यासमोर रायपूरच्या पंडरीचा कपडा बाजार उभा आहे, आणि सुरतवाला तर मोबाईलवरच थानाचे फोटो पाठवतो. अशा वेळी नवीकोरी गाडी त्याला आपल्या दारात आणून सोडते आणि माल पाहायच्या आधी उचलून परत नेते.

रेल्वेची बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. त्या गाडीचा रेक एकच. दिवसभरात एक फेरी जाऊन-येऊन पूर्ण करायची आणि रात्री मूळ ठिकाणच्या डेपोत देखभाल. या गाडीचं मूळ ठिकाण बिलासपूर. म्हणून ती तिकडून सकाळी निघणार आणि रात्री तिकडेच पोचणार. मध्ये नागपूरला जितका कमी वेळ उभी, तितका रेकचा उपयोग जास्त. फलाट अडवून ठेवता येत नाही, हेही आहे. इंदूरच्या गाडीचं तेच. ती जून 2023 मध्ये इंदूर–भोपाळ म्हणून सुरू झाली, ऑक्टोबर 2023 पासून नागपूरपर्यंत वाढवली. दुपारी इथं येते आणि तासाभराच्या आत परत निघते. आपल्याला मिळालेली गाडी म्हणजे त्यांच्या गाडीचं शेवटचं टोक. शेजाऱ्याच्या घरी लग्न आणि आपल्या अंगणात मांडवाचा एक खांब.

याउलट सिकंदराबादची गाडी मूळ नागपूरची. पहाटे पाचला निघते, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास तिकडे, आणि रात्री आठ-साडेआठला परत. इथे अडचण त्यांच्या बाजूला नाही, पहाटे पाचला स्टेशनवर पोचणाऱ्या आपल्या माणसाची आहे, पण ते एक सोडा. ही गाडी 16 सप्टेंबर 2024 ला सुरू झाली तेव्हा 20 डब्यांची होती. पाच महिने झाले, फेब्रुवारी 2025 मध्ये ती 8 डब्यांची केली. कारण डबे रिकामे जात होते. बिलासपूरच्या गाडीचंही तसंच झालं होतं. सुरुवातीला 16 डबे, मे 2023 मध्ये तो रेक काढून दुसरीकडे नेला, काही दिवस तेजसचे डबे लावले आणि मग 8 डब्यांची छोटी वंदे भारत आली.

आता यात रेल्वेने काही पाप केलं असं नाही. डबे रिकामे असतील तर जिथे गर्दी आहे तिथे न्यावेत, हा शहाणपणाच आहे. माझा प्रश्न साधा आहे. ही मोजणी आधी का होत नाही? आमच्या धंद्यात नवीन जातीचा कपडा आला तर कोणी एकदम शंभर गाठी उतरवत नाही. दोन थान मागवतात, चार गिऱ्हाईकांना दाखवतात, एक तुकडा धुऊन पाहतात, रंग जातो का, आटतो का. रेल्वेकडे तर आरक्षणाचा एवढा मोठा आकडा पडलेला आहे. कोणत्या स्टेशनावरून कोणत्या स्टेशनाला, कोणत्या दिवशी, किती वेटिंग, सगळं त्यांच्या संगणकात आहे. तो आकडा पाहून गाडी ठरवली असती तर 20 चे 8 करायची वेळ आली असती का?

आणि तो आकडा पाहिला असता तर पहिली गाडी कोणती निघाली असती, हे नागपुरातलं शेंबडं पोरगंही सांगेल. पुणे.

पुण्याची गाडी अखेर 10 ऑगस्ट 2025 ला आली. अजनीहून पुण्यापर्यंत 881 किलोमीटर, सुरू झाली तेव्हा देशातली सर्वांत लांब पल्ल्याची वंदे भारत म्हणून तिचं कौतुक झालं. सकाळी 9.50 ला अजनीहून निघते, रात्री 9.50 ला पुण्यात. बारा तास. तिकडून सकाळी 6.25 ला निघते, संध्याकाळी 6.25 ला अजनीला. आठ डबे, सगळे बसायचे.

बारा तास बसून. सरासरी काढा, ताशी 73-74 किलोमीटर पडते. बिलासपूरचीही तेवढीच, 412 किलोमीटरला साडेपाच तास, म्हणजे 75. ग्लास 180 ला उभा राहिला हे खरं, पण आपल्या रुळांवर, आपल्या थांब्यांसकट आणि आपल्या मालगाड्यांच्या गर्दीत गाडी 75 नेच घरी पोचवते. हे लपवण्यासारखं नाही, फक्त ते ग्लासाच्या व्हिडिओसोबत सांगितलं जात नाही.

पुण्याला कोण जातं आपलं? हिंजवडीत, खराडीत नोकरी करणारी पोरं-पोरी. तिथे शिकणारी. आणि त्यांच्याकडे जाणारे आई-बाप, डब्यात चिवडा आणि सांडगे भरून. पोराला शुक्रवारी संध्याकाळी सुटून शनिवारी सकाळी घरी पोचायचं असतं आणि रविवारी रात्री निघून सोमवारी सकाळी कामावर. दिवसाच्या गाडीने त्याचा येण्याचा एक दिवस आणि जाण्याचा एक दिवस गेला, मग राहिलं काय? साठी उलटलेल्या आईला बारा तास खुर्चीवर बसवून बघा, पाय सुजून उतरेल. हा मार्ग झोपून जायचा आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि गरीब रथ यांची वेटिंग लिस्ट हेच वर्षानुवर्षे सांगते आहे. दिवाळीच्या आठवड्यात ट्रॅव्हल्सचा भाव विमानाशी स्पर्धा करतो, तेही हेच सांगतं. मागणी होती बर्थची. आली खुर्ची. खुर्ची चांगली आहे, बाजूला चार्जिंग आहे. पण मागितली होती बर्थ.

मला ठाऊक आहे, यावर लगेच कोणीतरी लिहील की मिळतंय त्यात समाधान मानायचं नाही, कायम रड. म्हणून एक सांगतो. तक्रार गाडीची नाहीच. ती सुरू झाली तेव्हा शेगाव, जळगाव, मनमाड, नगरच्या लोकांना दिवसाउजेडी एक चांगली गाडी मिळाली, अकोल्याचा माणूस तिच्यात बसून पुण्याला जेवायच्या वेळेला पोचतो, त्याच्यासाठी ती उत्तम. पण अजनी ते पुणे म्हणून जिची झेंडी दाखवली, तिच्यात अजनी ते पुणे अख्खा प्रवास करणारे किती आणि मधलेच किती, हा आकडा जाहीर करा ना. मधले जास्त निघाले तर ती गाडी मधल्यांची आहे असं म्हणा, आणि आपल्याला रात्रीची द्या.

प्रवासी नावाची चाचणी टाळली की काय होतं, ते मुंबईने पाहिलेलं आहे. पहिली एसी लोकल एप्रिल 2016 मध्ये कुर्ल्याच्या कारशेडमध्ये आली. आल्यावर लक्षात आलं की तिची उंची मध्य रेल्वेच्या जुन्या पुलांखाली अडचणीची आहे. मग ती पश्चिम रेल्वेला दिली, चाचण्या चालल्या चालल्या आणि 25 डिसेंबर 2017 ला ती माणसं घेऊन धावली. म्हणजे गाडी येऊन दीड वर्षाच्या वर गेलं. लोकांनी थट्टा केली, पण ती उंची मोजण्याची चूक नंतर कोणाच्या जिवावर बेतली नाही, कारण चाचणी झाली होती. खरी गडबड झाली ऑगस्ट 2022 मध्ये. मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या जागी एसी लोकलच्या दहा फेऱ्या लावल्या. गाडी तांत्रिक दृष्ट्या निर्दोष. पण कळवा आणि बदलापूरचा माणूस रोज ज्या लोकलला लटकून कामाला जात होता, तीच नेमकी गेली होती आणि नवीन गाडीचा पास त्याच्या खिशाबाहेरचा. लोक रुळावर उतरले. आठवड्याभरात त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लखनौने पास केलेली गाडी कळव्याने नापास केली.

विलायतेत याच्या उलट टोक आहे. तिथे लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावरून जाणाऱ्या उपनगरी गाड्यांसाठी 2017 मध्ये 90 नव्या गाड्यांची ऑर्डर दिली. गाड्या बनल्या, येऊन यार्डात उभ्या राहिल्या, सॉफ्टवेअरची भानगड, ड्रायव्हरांच्या प्रशिक्षणाची भानगड, आणि पहिली गाडी प्रवासी घेऊन निघाली जानेवारी 2024 मध्ये. सात वर्षं! आपल्याकडे असं झालं असतं तर चौकाचौकात बॅनर लागले असते. पण त्यांच्याच लंडनमध्ये एलिझाबेथ लाइन नावाचा मोठा मार्ग झाला. तो डिसेंबर 2018 मध्ये उघडायचा होता, उघडला 24 मे 2022 ला. उशिराबद्दल शिव्या खाल्ल्याच. पण उघडण्याआधी त्यांनी एक केलं, स्वयंसेवक बोलावले, त्यांना गाडीत आणि स्टेशनात सोडलं आणि मुद्दाम अडचणी निर्माण करून पाहिलं. गाडी मध्येच थांबली तर, स्टेशन रिकामं करायचं झालं तर. वाळूच्या पोत्यांनंतर खरी माणसं. मला त्यातलं एवढंच हवंय, सात वर्षं नकोत.

आपल्या मेट्रोने खरंतर सुरुवात चांगली केली होती. आपले डबे यायच्या आधी हैदराबाद मेट्रोचे डबे भाड्याने आणले, सप्टेंबर 2017 मध्ये मिहान डेपोकडच्या भागात त्यांची चाचणी सुरू झाली. स्वतःचे कपडे शिवून येईपर्यंत भावाचा शर्ट घालून पाहावा, तसं. पुढे 2018 मध्ये लोकांना जॉय राइड म्हणून फिरवलं. मग चीनच्या दालियनहून आपले डबे आले, 23 गाड्या, प्रत्येकी तीन डबे. 7 मार्च 2019 ला खापरी–सीताबर्डी सुरू, जानेवारी 2020 मध्ये लोकमान्य नगरकडची बाजू, आणि आपल्या पूर्वेकडची, म्हणजे सीताबर्डी ते प्रजापती नगर, सगळ्यात शेवटी, डिसेंबर 2022 मध्ये. प्रत्येक टप्प्याला सुरक्षा आयुक्त येऊन तपासून गेले. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ज्याने गाडी आणली त्यानेच तिला चांगली म्हणू नये, म्हणून ही व्यवस्था स्वातंत्र्याच्या आधीपासूनची. काय सुंदर विचार आहे! सुरक्षेसाठी आपण तिसऱ्याला पंच नेमला. उपयोगासाठी मात्र ज्याने गाडी आणली तोच टाळ्या वाजवतो.

मेट्रोचं आपल्याकडचं दुखणं छोटं आहे पण रोजचं आहे. दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक, चितार ओळी चौक ही तीन स्टेशनं आपल्या बाजाराच्या अगदी काठावर. दुकानात काम करणाऱ्या पोरापोरींना ती खरंच उपयोगी आहे, सीताबर्डीहून येणाऱ्यांना तर फारच. पण स्टेशनाचा जिना उतरल्यावर काय? फुटपाथ आहे तिथे माल आहे, माल नाही तिथे गाड्या लावलेल्या आहेत, त्यातून हातगाडी आणि हमाल. बाई लेकराला घेऊन उतरली तर पहिले रस्ता कुठून ओलांडायचा हेच तिला कळत नाही. यात आपला दुकानदारांचाही वाटा आहे, उगीच मेट्रोवर ढकलू नका. स्टेशनच्या दारापासून गांधीबाग उद्यानापर्यंत एक माणूस पाय न अडखळता चालत जाऊ शकला पाहिजे, ही चाचणी कोणी घेतली नाही कारण ती गाडीच्या चाचणीत येत नाही. दुसऱ्या टप्प्यात ही लाइन प्रजापती नगरहून कापसीच्या ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत जाणार आहे. तिथे आपला माल चढतो-उतरतो. तेव्हा आतापासून विचारायला हवं की पहाटे चारला गाडी खाली करणारा हमाल सकाळी सहाच्या पहिल्या मेट्रोचं काय करणार.

आणि आता जी गोष्ट लिहिताना मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती. इतवारी–नागभीड. ती नॅरोगेज, अडीच फुटी रुळांची, नोव्हेंबर 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. छिंदवाड्याची छोटी गाडी त्याआधीच, 2015 मध्ये गेली होती, तिथे ब्रॉडगेज होऊन गाडी परत आली. नागभीडची छोटी गाडी हळू होती, पावसाळ्यात तर बैलगाडीशी बरोबरी करायची, पण उमरेड, भिवापूर, कुहीकडची माणसं तिच्यात भाजीच्या पाट्या घेऊन यायची, इतवारीत उतरायची, मजुरी करून, सामान घेऊन संध्याकाळी परत. तिकीट इतकं कमी की हिशोबात धरायचं नसे. ती बंद झाल्यावर वर्षानुवर्षं त्या लोकांनी एसटी आणि काळी-पिवळीत काढली, ज्यांना ते परवडलं नाही ते यायचे थांबले. आमच्याकडे गाठी बांधायला येणारे दोघे उमरेडकडचे होते. एक आता तिकडेच खाणीच्या कामाला लागला, दुसरा दुचाकीने येतो, हप्ते फेडतो.

त्या माणसासाठी कोणी ग्लासात पाणी ठेवून व्हिडिओ काढत नाही. रुंदीकरण हवंच होतं, मी नॅरोगेजचा गहिवर काढत बसलेलो नाही, तो पाहायला मोतीबागेत म्युझियम आहे. पण रूळ रुंद झाल्यावर त्यावर कोणती गाडी, किती वाजता आणि कितीला, यावर त्या रुंदीकरणाचं यश ठरणार. सकाळी सातच्या आधी इतवारीत पोचणारी आणि रात्री आठनंतर सुटणारी साधी मेमू मिळाली तर त्या लोकांचं भलं झालं. दुपारी बाराला येणारी चकचकीत गाडी मिळाली तर फक्त फोटो झाला.

तीच गोष्ट ब्रॉडगेज मेट्रोची. वर्धा, रामटेक, नरखेड, भंडारा रोड या दिशांना रेल्वेच्याच रुळांवर मेट्रोसारखी गाडी, 2018 मध्ये करार झाला. रामटेकची पोरगी कॉलेजला आणि भंडाऱ्याचा दुकानदार आपल्याकडे तासाभरात, असं स्वप्न होतं. आपण अजून वाट पाहतोय. मला विचाराल तर नागपूरला पाचव्या वंदे भारतपेक्षा ही गाडी जास्त हवी. हे माझं मत, पटलं नाही तर भांडा.

करायचं काय? मोठं काही नाही. नवी गाडी सुरू केली की पहिले तीन-चार महिने तिचं वेळापत्रक तात्पुरतं माना. तेवढ्या दिवसांत कोणत्या स्टेशनावर किती चढले-उतरले ते जाहीर करा. मग बदला. रेक एकच असेल तर बिलासपूरची गाडी सव्वाबाराला येऊन दोनऐवजी साडेचार-पाचला सोडता येते का, हे एकदा दोन महिने करून पाहा. ती तिकडे रात्री साडेदहाला पोचेल, देखभालीला वेळ कमी पडेल, कदाचित जमणार नाही. मग तसं सांगा, कागदावर, कारणासकट. नाही म्हणायलाही एक पद्धत असते.

यात आपल्या शहराची एक वेगळीच गंमत आहे. नागपुरात रेल्वेचे विभाग दोन. मध्य रेल्वेचा नागपूर विभाग आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही नागपूर विभाग. दोन डीआरएम. मुख्य स्टेशन आणि अजनी एकाचं, इतवारी दुसऱ्याचं. गांधीबागेतल्या माणसाची पुण्याची तक्रार एकीकडे आणि गोंदियाची दुसरीकडे. दोन्हीकडे प्रवासी सल्लागार समित्या आहेत, त्यांवर आपल्या व्यापारी संघटनांची माणसंही जातात. त्यांना माझी विनंती, पुढच्या बैठकीत फलाटावरच्या पंख्यांसोबत एवढा एक विषय घ्या.

तोवर आपण आपलं करू. खाली फक्त "सहमत" आणि हात जोडलेले इमोजी टाकू नका, त्यांचं मी काय करू? तुम्ही बाहेरगावाहून गांधीबाग–इतवारीत येत असाल, किंवा इथून जात असाल, तर तीन गोष्टी लिहा: गाव कोणतं, किती वाजता पोचायला हवं, किती वाजता परत निघायला हवं. पुण्याला पोरं असतील तर शुक्रवारी ते कितीला सुटतात तेही लिहा. गोंदिया, तुमसर, बालाघाट, छिंदवाडा, उमरेडवाल्यांनी तर नक्की लिहा, आणि ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांचं तुम्ही विचारून लिहा. पंधरा दिवसांनी मी ते सगळं गाववार एका कागदावर उतरवणार आहे आणि त्याच्या दोन प्रती काढून दोन्ही डीआरएम ऑफिसात देऊन पोच घेणार आहे. सोबत येणार असाल तर दुपारी दोन ते चार सांगू नका, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक असतं.